एका डब्यात दोन डिस्क

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ : ‘रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. खाली एक बारीक रेघ लुकलुकत राहते. की-बोर्डवरची कोणतीही कळ दाबा, तीच ओळ पुन्हा खाली उमटते. काल रात्रीपर्यंत हा संगणक धडधाकट होता. मधल्या वेळात एवढेच झाले, की कॅबिनेटचा पत्रा काढून आत दुसरी हार्ड डिस्क बसवली.

हा प्रसंग जिवतीत घडला असे धरू. जिवती हा चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा डोंगराळ तालुका. राजुऱ्याहून गडचांदूर, तिथले सिमेंटचे कारखाने मागे टाकले की रस्ता माणिकगडच्या डोंगरावर चढतो आणि वर पठारावर कापूस, सोयाबीन, तुरीची शेते लागतात. कोलाम आणि गोंडांचे गुडे इथले जुने. मराठवाड्यातून येऊन इथे रुजलेली कुटुंबेही पुष्कळ. तालुक्याचे गाव म्हटले की तहसील आली, आणि तहसील आली की तिच्या आसपास ऑनलाइन कामाची दुकाने आली. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्तीचा फॉर्म, जोडीला झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो. अशाच एका दुकानातला संगणक आपण समोर घेऊ. जुन्या संगणकाचा मदरबोर्ड विजेच्या झटक्यात गेला. मालकाने सेकंडहँड, पण बऱ्यापैकी अलीकडचा संगणक आणला. त्यात विंडोज एसएसडीवर, म्हणजे तबकड्या नसलेल्या वेगवान डिस्कवर, आहे. जुन्यातली ५०० जीबीची हार्ड डिस्क शाबूत होती आणि तिच्यावर दहा वर्षांचे काम होते. ती नव्यात दुसरी डिस्क म्हणून लावली, आणि पडद्यावर ती ओळ आली. मालक फोन लावतो.

“भाऊ, कॉम्प्युटर चालूच होत नाही.”

“चालू होत नाही म्हणजे? पंखा फिरतो का?”

“फिरतो.”

“स्क्रीनवर काही येतं?”

“इंग्रजीत एक ओळ येते. दुसरी डिस्क लावल्यापासून.”

“आणून द्या, फॉरमॅट मारून देतो.”

यातले प्रश्न अगदी योग्य आहेत. पंखा फिरतो आणि पडद्यावर अक्षरे उमटतात याचा अर्थ वीज आत पोहोचते आहे, प्रोसेसर काम करतो आहे, रॅम ठीक आहे, मॉनिटर ठीक आहे. ‘डिस्प्ले येत नाही’ आणि ‘विंडोज येत नाही’ ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि फोनवरच्या दोन प्रश्नांत ती वेगळी करता येतात. पण शेवटचे वाक्य मला बोचते. या अवस्थेतल्या संगणकावरचे बहुतेक वेळा काहीही गेलेले नसते. विंडोज जागेवर असते, फाइली जागेवर असतात. सुरू होताना संगणक चुकीच्या दारावर थांबलेला असतो, एवढेच. त्याला फॉरमॅट हा उपाय करणे म्हणजे घराची किल्ली सापडत नाही म्हणून घर पाडण्यासारखे आहे. ‘फॉरमॅट’ या एका शब्दाने किती दुकानांची, शाळांची, ग्रामपंचायतींची कागदपत्रे गेली असतील, याचा विचार केला की हे प्रकरण लिहिणे गरजेचे वाटते.

बटण दाबल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत काय होते, ते आधी पाहू.

वीज मिळाल्यावर प्रोसेसर जागा होतो तेव्हा त्याला विंडोज ठाऊक नसते, हार्ड डिस्कही ठाऊक नसते. मदरबोर्डवरच्या एका लहान चिपमध्ये कायमचा लिहून ठेवलेला एक कार्यक्रम असतो, तेवढाच तो चालवू शकतो. जुन्या बोर्डांवर त्याला बायोस म्हणतात, नव्यांवर यूईएफआय. लोक दोन्हींना बायोसच म्हणतात, आपणही बहुतेक ठिकाणी तसेच म्हणू. हा कार्यक्रम आधी रॅम, की-बोर्ड, डिस्प्ले यांची हजेरी घेतो. मग त्याला एकच काम उरते : ज्या डिस्कवर विंडोज आहे ती शोधायची, तिच्यावरचा पहिला तुकडा रॅममध्ये आणायचा आणि सूत्रे त्याच्या हाती द्यायची. लहान कार्यक्रमाने थोड्या मोठ्याला उठवायचे, त्याने आणखी मोठ्याला. इंग्रजीत या साखळीला बूटस्ट्रॅप म्हणजे बुटाच्या मागच्या पट्टीचे नाव पडले, स्वतःचेच बूट धरून स्वतःला वर उचलण्याच्या कल्पनेवरून. त्याचेच पुढे ‘बूट होणे’ झाले.

तो पहिला तुकडा किती मोठा असावा? जुन्या पद्धतीत अवघा ५१२ बाइट. आज युनिकोडमध्ये मराठी लिहिताना प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, प्रत्येक मात्रा सहसा ३ बाइट घेते. म्हणजे तेवढ्या जागेत मराठीची १७० चिन्हेही मावतात न मावतात. १९८३ साली आयबीएमच्या पीसी एक्सटी या संगणकात १० एमबीची हार्ड डिस्क आली आणि पीसी डॉस २.० बरोबर डिस्कचे भाग पाडण्याची ही रीत आली. पहिल्या ५१२ बाइटांपैकी ४४६ बाइट सुरुवातीच्या आज्ञांसाठी, ६४ बाइट डिस्कच्या चार भागांच्या नोंदीसाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी. ही खूण ५५ आणि एए अशी असते.

आपल्या दुखण्याचे मूळ याच खुणेत आहे. जुना बायोस डिस्कवर विंडोज आहे का, हे बहुधा तपासत नाही. शेवटच्या दोन बाइटांत ती खूण दिसली की तो सूत्रे तिथे सोपवून मोकळा होतो. आणि ही खूण नुसत्या साठवणीच्या डिस्कवरही असते, कारण तिचेही भाग पाडताना तोच पहिला तुकडा लिहिला जातो. पुढे सुरू करण्याजोगे काही सापडले नाही की गाडी अडते. काही बोर्ड मग पुढच्या डिस्ककडे वळतात, काही वळत नाहीत. म्हणून कोरी वाटणारी डिस्कसुद्धा भरलेल्या डिस्कची वाट अडवू शकते.

आपल्या दुकानदाराची डिस्क तर कोरीही नाही. तिच्यावर जुने, पूर्ण विंडोज आहे. आता एका डब्यात दोन विंडोज झाली. जिवती तालुक्यातल्या लोकांना ही स्थिती समजावून सांगायला नको. परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर यांसारखी इथली १४ गावे महाराष्ट्राच्याही दप्तरात आहेत आणि शेजारच्या तेलंगणाच्याही. रेशन कार्ड दोन्हीकडचे, शाळा दोन्हीकडच्या, मतदार यादी दोन्हीकडची. तिथला माणूस कोणत्या कामासाठी कोणत्या कचेरीत जायचे, हे अनुभवाने जाणतो. संगणकाच्या चिपला तो अनुभव नसतो. तिच्याकडे फक्त एक यादी असते आणि त्या यादीत जो पहिला, त्याच्याकडे ती जाते. नवी डिस्क लागली की काही बोर्ड तिला यादीत वर चढवतात. मग कधी तीच इंग्रजी ओळ येते, तर कधी जुने विंडोज उठू पाहते, अनोळखी मदरबोर्ड पाहून निळा पडदा दाखवते किंवा ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ नावाच्या फेऱ्यात अडकते. मालकाला वाटते, नवे विंडोज बिघडले. ते बिचारे अजून उठलेलेच नसते.

म्हणून पहिली कसोटी : लावलेली डिस्क काढा. संगणक बंद करा, वायर भिंतीतल्या सॉकेटमधून उपसा, पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून आत राहिलेली वीज उतरू द्या. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा म्हणजे अंगावरचा स्थिर विद्युतभार तिथे जाईल. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत हे विशेष पाळा. मग दुसऱ्या डिस्कची डेटाची आणि पॉवरची अशा दोन्ही पिना काढा आणि संगणक सुरू करा. विंडोज आले? मग तुमची एसएसडी, तुमचे विंडोज, तुमचे काम सगळे सुखरूप आहे आणि उरलेला प्रश्न फक्त क्रमाचा आहे. नाही आले? तर डिस्क लावताना बहुधा दुसरेच काही हलले किंवा बदलले आहे. दोन मिनिटांचे काम आहे हे, पण याने निम्मा अंधार दूर होतो. ही कसोटी केल्याशिवाय कोणालाही विंडोज पुन्हा टाकू देऊ नका, हा माझा आग्रह आहे.

विंडोज आले असे धरून पुढे जाऊ. डिस्क परत लावा आणि संगणक सुरू होताच बायोसमध्ये शिरण्याची कळ पुन्हा पुन्हा दाबत राहा. डेलच्या संगणकांवर ती एफ २ असते, एचपीवर एफ १०, लेनोव्होवर एफ १ किंवा एफ २, सुट्या मदरबोर्डांवर बहुधा डिलीट. आत ‘बूट’ नावाचे पान असते. तिथे एसएसडीला किंवा ‘विंडोज बूट मॅनेजर’ या नोंदीला पहिल्या जागी आणा, एफ १० दाबून बदल जतन करा आणि बाहेर पडा. एक जागा लोक हमखास चुकतात. अनेक जुन्या बोर्डांवर दोन याद्या असतात. एका यादीत सीडी, पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क असे प्रकार लावायचे. दुसरी ‘हार्ड डिस्क प्रायॉरिटी’ अशा नावाची, तिच्यात कोणती हार्ड डिस्क आधी ते ठरवायचे. पहिल्या यादीत हार्ड डिस्क सर्वांत वर असूनही दुसरीत क्रम उलटा असेल, तर तीच ओळ येत राहते. एवढ्यात खोलवर न शिरता नुसते तपासून पाहायचे असेल, तर एका वेळेपुरती डिस्क निवडण्याची वेगळी कळ असते : डेल आणि लेनोव्होवर एफ १२, एचपीवर एफ ९. तिथून एसएसडी निवडून विंडोज आले, म्हणजे निदान पक्के झाले.

नव्या यूईएफआय पद्धतीत खुणेचा तो आंधळा कारभार उरला नाही. तिथे डिस्कवर सुमारे १०० एमबीचा एक छोटा, लपलेला विभाग असतो, त्यात विंडोजला उठवणारी फाइल असते आणि त्या फाइलचा पत्ता मदरबोर्ड स्वतःच्या स्मृतीत लिहून ठेवतो. म्हणून तिथे हा घोळ कमी होतो. होतो तेव्हा बहुधा ‘सीएसएम’ नावाची जुन्या पद्धतीला वाट देणारी सोय चालू किंवा बंद झालेली असते. विंडोज ज्या पद्धतीने टाकले असेल तीच पद्धत ठेवायची, एवढे लक्षात असू द्या. आणखी एक सावधगिरी. नव्या संगणकांवर बिटलॉकरचे कुलूप लागलेले असू शकते. बायोसमध्ये बदल केला की ते ४८ अंकी किल्ली मागते. ती किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. बायोसला हात लावण्याआधी ती कागदावर उतरवून घ्या.

आता त्या डिस्कला बोल लागतो, पण गुन्हेगार दुसराच असतो, अशा एका दुखण्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे. डोंगरी, वीज वारंवार जाणाऱ्या गावांत ते फार संभवते.

मदरबोर्डवर नाण्यासारखा एक चपटा सेल असतो. त्याच्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, दाब ३ व्होल्ट. त्याचे नावच त्याचे माप आहे. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणे आणि जुन्या बोर्डांवर बायोसमधल्या निवडी लक्षात ठेवणे, ही त्याची कामे. संगणकाची वायर सॉकेटमध्ये असेल आणि वीज असेल, तर संगणक बंद असतानाही बोर्डाला थोडी वीज मिळत राहते आणि सेलवर भार पडत नाही. पण दुकान बंद करताना मालक मुख्य बटण बंद करून जातो, आणि ते योग्यच आहे, कारण पावसाळ्यात या पठारावर विजांचा भरवसा नाही. मग रात्रभर सगळा भार त्या सेलवर. त्यात लाइट जाण्याचे तास मिळवा. सेकंडहँड संगणकातला सेल तर आधीच काही वर्षे झिजलेला असतो.

आता पाहा काय होते. सेल मरायला टेकलेला आहे, पण अजून कसाबसा निभावतो, म्हणून कुणाला पत्ता नाही. डिस्क लावायची म्हणून मालकाने वायर काढली आणि तासभर कॅबिनेट उघडे ठेवले. तेवढ्यात सेल संपला आणि बोर्ड सगळे विसरला. परत सुरू केल्यावर बायोस कारखान्यातल्या मूळ निवडींवर गेला : बूटचा क्रम बदलला आणि त्याहून वाईट म्हणजे साटाची, म्हणजे डिस्क जोडण्याच्या वाटेची, पद्धत बदलली. डिस्कशी बोलण्याच्या या पद्धतींची नावे आयडीई, एएचसीआय, रेड अशी आहेत. विंडोज एएचसीआयमध्ये टाकलेले आणि बोर्ड आयडीईवर गेलेला, असे झाले की विंडोज उठता उठता निळा पडदा येतो. विंडोज ७ मध्ये त्यावर सात आणि बी असा शेवट असलेला आकडा असतो, विंडोज १० मध्ये ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे शब्द. दुसरी डिस्क काढून टाकली तरी तो पडदा जात नाही. इथेच माणूस हताश होऊन ‘करा फॉरमॅट’ म्हणतो. प्रत्यक्षात बायोसमध्ये जाऊन साटाची पद्धत पूर्वीची केली की विंडोज जसेच्या तसे उभे राहते.

हे ओळखायचे कसे? तारीख पाहा. बायोसच्या पहिल्या पानावर कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दिसली, की सेल संपला. विंडोज चालू होत असेल तरी चुकलेल्या तारखेचा त्रास लगेच कळतो : सरकारी पोर्टल उघडत नाहीत, ब्राउझर सर्टिफिकेटबद्दल तक्रार करतो आणि मालक इंटरनेट कंपनीला फोन लावत बसतो. वेबसाइटचे प्रमाणपत्र ठराविक तारखांपुरतेच वैध असते. संगणकाच्या मते आज ती तारीखच आलेली नसते. सेल बदलायला पैसेही थोडे आणि वेळही थोडा लागतो. घड्याळाच्या दुकानातही तो मिळतो. पण सेल गेला की जुन्या निवडीही जातात, म्हणून डिस्क लावण्यापूर्वी मोबाइलने बायोसच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा. नंतर तेच सगळ्यात मोठा आधार ठरतात.

पहिल्या कसोटीला विंडोज आले नाही आणि तारीख, क्रम, पद्धत सगळे ठीक निघाले, तर केबलकडे पाहा. २००३ च्या सुमारास आलेल्या साटा केबलला सात तारा असतात आणि एका डिस्कला एक केबल. तिच्या आधीच्या रुंद पट्टी केबलवर दोन डिस्क लावता येत आणि कोणती मास्टर, कोणती स्लेव्ह, हे डिस्कच्या मागच्या इवल्याशा जंपरने ठरवावे लागे. दोन्ही मास्टर झाल्या तर दोन्ही दिसेनाशा होत. साटाने ती कटकट संपवली, पण तिचे डोके हलके असते. शेजारची डिस्क बसवताना कोपर लागून एसएसडीची केबल अर्धवट निघणे अगदी सहज घडते. बाहेरून ती लागलेलीच दिसते. दोन्ही टोके काढून पुन्हा घट्ट बसवा.

एसएसडी काडीसारखी, थेट मदरबोर्डात खोचायची असेल, तर एक आडवळणाची गोष्ट माहीत हवी. त्या जागेला एम-डॉट-टू म्हणतात. काही बोर्डांवर ही जागा आणि साटाची एखाद-दोन छिद्रे एकाच वाटेवर असतात. एक वापरले की दुसरे आपोआप बंद. डिस्क नवी, केबल नवी, तरी बायोसमध्ये दिसत नाही, असे झाले तर ती शेजारच्या दुसऱ्या छिद्रात लावून पाहा. बोर्डाच्या पुस्तिकेत हे लिहिलेले असते.

आणि वीज. मोठ्या, साडेतीन इंची हार्ड डिस्कला तबकड्या गतीवर आणताना पहिली काही सेकंदे १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर लागतात, म्हणजे २४ वॅट. नंतर ती ६ ते ८ वॅटवर भागवते. चांगल्या एसएमपीएसला, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याला, हे काहीच नाही. डब्यावर ४५० वॅट छापलेला स्वस्त, हलका एसएमपीएस मात्र त्याच क्षणी मान टाकतो : पंखा एकदा फिरून थांबतो, किंवा संगणक स्वतःच बंद होऊन पुन्हा चालू होतो. दुसऱ्या डिस्कची फक्त पॉवरची पिन काढल्यावर हे थांबले, तर विंडोजला दोष देऊ नका, एसएमपीएस बदला. जुन्या चार पिनांच्या तारेवरून साटाची पॉवर काढणारे स्वस्त जोड मी तरी वापरू देणार नाही. त्यातले काही तापून वितळतात.

आता या सगळ्याचे उलट रूप. दुसरी डिस्क काढली की संगणक सुरू होत नाही, लावली की होतो! हे ऐकायला भुताटकीसारखे वाटते, पण कारण सरळ आहे. कोणीतरी जुन्या हार्ड डिस्कच्या जोडीला एसएसडी लावली आणि दोन्ही जोडलेल्या असतानाच एसएसडीवर विंडोज टाकले. विंडोज आले एसएसडीवर. पण त्याला उठवणारा छोटा विभाग जुन्या डिस्कवर आधीच होता, म्हणून इन्स्टॉलरने तोच वापरला. झोपणारा एका घरात, त्याला उठवणारा दुसऱ्या घरात. पुढे दोन वर्षांनी जुनी डिस्क मेली की तिच्यासोबत चांगले विंडोजही गेल्यासारखे दिसते.

त्यावरही फॉरमॅट हा उपाय नाही. विंडोजचा पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू करा, ‘रिपेअर’मधून काळ्या आज्ञा-खिडकीत जा. डिस्कपार्ट या आज्ञेने विभागांची यादी पाहा आणि एसएसडीवरच्या छोट्या फॅट ३२ विभागाला एक अक्षर द्या. असा विभागच नसेल, तर आधी एसएसडीवर थोडी जागा मोकळी करून तो बनवावा लागतो. मग बीसीडीबूट ही आज्ञा द्यायची. तिला दोन पत्ते सांगायचे, विंडोजचे फोल्डर कुठे आहे आणि उठवणाऱ्या फाइली कुठे लिहायच्या. एक मिनिटही लागत नाही. मात्र या खिडकीत अक्षरे बदललेली असतात. नेहमीचा सी ड्राइव्ह इथे डी किंवा ई असू शकतो. फोल्डर उघडून खात्री करा. आणि डिस्कपार्टमध्ये ‘क्लीन’ हा शब्द चुकूनही टाइप करू नका. तो निवडलेल्या डिस्कची सगळी विभागणी विचारपूस न करता पुसतो. पुढच्या वेळी विंडोज टाकताना जिच्यावर टाकायचे तेवढीच डिस्क जोडलेली ठेवा, बाकीच्या काढून बाजूला ठेवा. हा नियम पाळला तर हे दुखणे जन्मालाच येत नाही.

जुनी डिस्क आवाज करते का, हेही कान देऊन ऐका. ठराविक अंतराने टक्-टक् असा आवाज येत असेल, तर ती शेवटच्या घटका मोजते आहे. अशी डिस्क आत लावली की विंडोज तिची वाट पाहत दहा-दहा मिनिटे अडते किंवा सुरू होतानाच ती तपासायला घेते. टकटकणाऱ्या डिस्कवर ती तपासणी चालू देऊ नका. प्रत्येक फेरीत उरलेसुरले आयुष्य खर्च होते. डिस्क काढा, यूएसबीच्या खोक्यात घाला, संगणक सुरू झाल्यावर बाहेरून जोडा आणि सर्वांत महत्त्वाचे फोल्डर सर्वांत आधी उतरवून घ्या.

समजा आपल्या दुकानदाराची डिस्क शांत आहे. क्रम लावला, सेल बदलला, विंडोज आले, आणि ‘धिस पीसी’मध्ये जुनी डिस्क डी म्हणून दिसली. जुन्या नावाचे फोल्डर उघडताना परवानगी नसल्याचा निरोप येतो. ‘कंटिन्यू’ दाबून थांबायचे, फाइली खूप असतील तर वेळ लागतो. मग तो अर्जांच्या नमुन्यांची फाइल उघडतो आणि पुन्हा पोटात गोळा येतो. पानभर इंग्रजी अक्षरे, कंस, टिंबे आणि प्रश्नचिन्हे यांचा काला.

फाइल खराब झालेली नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी टायपिंग श्री-लिपी, कृतिदेव, पुण्याच्या सी-डॅकचे सुरेख आणि योगेश अशा फॉन्टांत चाले. त्यांत ‘क’ला स्वतःचा आकडा नव्हता, इंग्रजीच्या एखाद्या अक्षराच्या जागी ‘क’चे चित्र बसवलेले असे. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर काला. विंडोज पुन्हा टाकणारे इथेच मोठे नुकसान करून जातात : फाइली जपतात आणि फॉन्ट पुसतात. आपण जुने विंडोज पुसलेले नाही. जुन्या डिस्कवरच्या विंडोज फोल्डरात ‘फॉन्ट्स’ नावाचे फोल्डर अजून तसेच आहे. त्यातले मराठी फॉन्ट निवडून नव्या संगणकावर इन्स्टॉल करायचे आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडायचे.

फाइल उघडते. डाव्या बाजूला, पहिल्या ओळीत, सुरेखच्या गोल वळणात : प्रति, मा. तहसीलदार साहेब, तहसील कार्यालय, जिवती.